मशीनला न चालणारे हात

"यांचे नकोत. हात घाण आहेत. डेटा खराब होईल."

अण्णांच्या खळ्यात, गावच्या सगळ्या बायकांदेखत कल्याणी असं म्हणाली. तेही मला नव्हे. माझा हात तिच्यापुढे पांढऱ्या कपड्यावर पालथा पडलेला, आणि ती बोलतेय शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाशी. मी आपली बोटं पसरून तशीच उभी. हात उचलावा की ठेवावा, काही सुचेना.

कल्याणी म्हणजे अण्णांची मुलगी. अण्णा म्हणजे बागेचे मालक. श्रीवर्धनकडून हरिहरेश्वरला जाताना सुपारीच्या बागा लागतात, त्यातली एक त्यांची. माझी आये त्या बागेत राबली, मग मी, मग माझी धाकटी बहीण सुमी. आम्ही बौद्धवाडीतल्या. कल्याणी माझ्याहून लहान, तरी मी तिला ताई म्हणते, अहो-जाहो करते. ती मला 'अगं' म्हणते. लहानपणापासून असंच चालत आलंय.

ती पुण्याला शिकली आणि तिथेच एका कंपनीत लागली. कंपनी एक मशीन बनवत होती. मशीन म्हणजे फोनातलंच काहीतरी. नखांचा फोटो काढायचा, की बाईच्या अंगात रक्त किती ते फोन सांगणार. सुई नको, काही नको. पण त्याला आधी शिकवावं लागतं म्हणे, पोराला बाराखडी शिकवतात तसं. बाईच्या नखांचा फोटो घ्यायचा, मग तिच्या बोटाला सुई टोचून रक्त खरंच किती ते बघायचं, आणि दोन्ही मशीनला दाखवायचं. असे पुष्कळ हात बघून ते शिकतं. त्यासाठीच ती गावात आली होती.

सकाळपासून हात चालले होते. शिक्षकांच्या बायका, बागायतदारांच्या सुना, वरच्या आळीतल्या भातशेतीवाल्या. बांगड्या मागे सारून हात पुढे करत होत्या, हसत होत्या, सुई टोचली की "आई गं" करत होत्या. आम्ही सुपारीचं काम टाकून आलो होतो, अण्णांनीच बोलावलं म्हणून. सगळ्यांच्या शेवटी उभ्या राहिलो. तिथे कुणी उभं करायला लागत नाही आम्हाला, पाय आपोआप जातात.

मी म्हटलं, "कल्याणीताई, घाण न्हाय हो ती. चिकणीचा रंग हाय."

"हो गं, पण मशीनला नाही चालत. जा, हात घासून या सगळ्याजणी."

पडवीत बेसिन होतं. बाकीच्या बायका तिथेच हात धूत होत्या. आम्हाला अण्णांनी हातानेच खूण केली, गोठ्यामागच्या नळाकडे.

आता चिकणी म्हणजे काय ते सांगते. सुपारी कोवळी, हिरवी असतानाच उतरवायची, ओलीच सोलायची, मोठ्या टोपात उकळायची, मग चटयांवर वाळत घालायची. ही चिकणी सुपारी. जे पाणी उकळतं ते रक्तासारखं लाल होतं आणि ते टाकत नाहीत, पुढच्या सुपारीला पुन्हा तेच वापरतात, म्हणजे रंग अजून चढतो. पाणी जरा निवलं की त्यातून सुपारी उपसायची ती आम्ही. हाताने. झारे आहेत, पण झाऱ्याने तळाची येत नाही आणि अण्णांना तळाची एक सुपारी राहिलेली खपत नाही. हंगाम लागला की आमची बोटं लाल होतात, मग तपकिरी, आणि नखं तर अशी होतात की मेंदी लावलीय की काय. आमच्या पोरी लग्नात वेगळी मेंदी कशाला लावता म्हणून एकमेकींची चेष्टा करतात. साबणाने जात नाही. नख वाढून पुढे सरकेल तेव्हा जाईल, तोवर पुढचा हंगाम येतो.

तर गोठ्यामागे आम्ही घासलं. साबणाने घासलं, राखेने घासलं, नारळाच्या किशीने घासलं. मी तर दगडावर घासलं. वेड लागल्यासारखं. सुमी म्हणाली, "बाय, पुरे गं, कातडी निघंल." माझ्या आंगठ्याजवळच्या भेगेतून रक्त यायला लागलं. तसाच हात घेऊन परत गेले. मला वाटलं, इतकं घासलंय, आता तरी घेतील.

कल्याणीने बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "अगं काय हे! राहू दे आता. पुढच्या वेळी बघू." आणि टेबलावरच्या बाटलीतलं औषध स्वतःच्या हाताला चोळलं. मी तिला शिवलेसुद्धा नव्हते. आम्हाला प्रत्येकीला बिस्किटाचा पुडा दिला आणि आम्ही कामावर गेलो. तिच्याच बापाची सुपारी उपसायला.

त्या दिवशी मला डेटा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. एवढंच कळलं की आपल्यामुळे काहीतरी खराब होतं. ते काही नवीन नव्हतं. आमच्यासाठी चहाचे कप अजून गडग्याच्या दगडांवर वेगळे पालथे घातलेले असतात, ते कुणी बोलून दाखवत नाही, आणि आम्हीही बोलत नाही. गिळलं. घरी येऊन बिस्किटं पोरांना दिली.

मग मशीन तयार झालं आणि आमच्या उपकेंद्रात आलं. बाहेर बॅनर लागला. त्यावर एक बाई हसतेय, हात गोरेपान, नखं गुलाबी. सिस्टरबाई खूश होत्या. आता दर महिन्याला पोटुशा बायकांच्या बोटाला सुई टोचायला नको, रक्त तपासायच्या पट्ट्या मोजायला नकोत. नख दाखवा, फोटो काढा, फोनवर ठिपका येतो. लाल आला तर तालुक्याला पाठवायचं, तिथे रक्त काढतात, सलाईनमधून औषध देतात. हिरवा आला तर घरी जा. खरं सांगायचं तर आमच्या बायकाही खूशच होत्या. सुई कुणाला हवी असते?

त्या हंगामात सुमी पोटुशी होती. नवरा मुंबईला हॉटेलात, म्हणून ती आमच्याकडे होती. चढ चढताना तिला दम लागायचा. पाय सुजायचे. चुलीची भाजकी माती काढून चोरून खायची. आये ओरडायची, मग ही पदराआड खायची आणि लहान पोरीसारखी हसायची. ओठ पांढरे पडले होते. कुणीही बघितलं असतं तर सांगितलं असतं की ह्या पोरीत रक्त नाही. त्याला शिकायला लागत नाही.

मी तिला घेऊन उपकेंद्रात गेले. सिस्टरबाईंनी तिचा हात फोनपुढे धरला. हिरवा.

"मस्त आहे हिचं," सिस्टरबाई म्हणाल्या. "चल, पुढची."

मी म्हटलं, "सिस्टर, हिला लय दम लागतो. जरा सुई टोचून बघा ना."

"पोटात मूल आहे, दम लागायचाच."

"ओठ बघा हिचे. मशीन चुकलं असंल."

सिस्टरबाईंनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. "हे बघ. हिरवा. हे पुण्याच्या इंजिनिअरांनी बनवलंय. तू कोण, डॉक्टर? तुम्हा लोकांना फुकटची सलाईन लागली ना, की चटक लागते." बाकावर बसलेल्या बायका हसल्या. सुमीने माझा हात ओढला, चल म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, सुई. तर म्हणतात, "पट्ट्या येणं बंद झालंय. हिरव्याला टोचायचं नाही, वरून ऑर्डर आहे."

मी सुमीला म्हटलं, श्रीवर्धनला खाजगीत दाखवू. ती म्हणाली, "मशीननं चांगलं सांगितलंय ना बाय, उगा कशाला?" आणि तिचा चेहरा जरा उजळलाच होता. चांगलं सांगितलेलं कुणाला नको असतं? महिन्याने पुन्हा गेलो. पुन्हा हिरवा. त्याच्या पुढच्या महिन्याला पुन्हा हिरवा. तिची नखं आदल्यापेक्षा लाल झाली होती ना! हंगाम भरात होता.

टोपावरचं काम तिला झेपेना. वाफेत उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी अण्णांना म्हटलं, हिला बसून सोलायचं काम द्या. अण्णा झोपाळ्यावर होते. झोपाळा न थांबवता म्हणाले, "का? काय झालंय तिला?"

"अंगात रक्त न्हाय तिच्या."

"आमच्या कल्याणीच्या मशीनने तर ठणठणीत सांगितलंय. सिस्टर बोलली मला." आणि मग आत बघत कल्याणीच्या आईला ऐकू जाईल असं, "आता नाटकं करायला जागा राहिली नाही, हे एक बरं झालं."

अंगाची लाही लाही झाली माझ्या. पण मी काय बोलले? काही नाही. मान खाली घालून आले. कारण उद्या काम नाही म्हणाले असते तर खायचं काय? सुमी टोपाजवळच राहिली. पाटी भरून उचलायची, दोन पावलं जायची, टेकायची.

ती बाळंत झाली ती दुपारी, उपकेंद्रातच. मुलगी झाली. बाळ रडलं, आम्ही हसलो, आणि सुमीचं रक्त थांबेना. दुसऱ्या कुणा बाईचं इतकं गेलं असतं तर ती फिकी पडली असती आणि उठून बसली असती, असं मला मागून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुमीकडे जाऊ द्यायला काही नव्हतंच. गाडी आली, मोठ्या दवाखान्याकडे निघाली. म्हसळ्याच्या पुढे वळणं लागली तशी ती म्हणाली, "बाय, थंडी वाजते." उन्हाने गाडी तापलेली. मी माझा पदर तिच्यावर घातला. आये बाळ घेऊन पुढे बसली होती, ती मागे वळून बघेना.

दवाखान्यात त्यांनी पहिल्यांदा सुई टोचली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला आणि माझ्यावर खेकसल्या, "एवढं कमी रक्त घेऊन बाळंतपणापर्यंत आणलीत? कधी तपासलं नाही का हिला?"

मी म्हटलं, "दर म्हयन्याला तपासलं. हिरवा आला."

त्यांना कळलं नाही मी काय बोलतेय ते. रक्ताची बाटली यायच्या आत सुमी गेली. तिचे हात मी धुतले नाहीत. आये म्हणाली धू, जरा रंग निघतो का बघ, पोर कशी दिसते. मी म्हटलं, नको. तसेच राहू देत.

बाळ आमच्याकडेच आहे. बापाने येऊन बघितलं आणि पुन्हा मुंबईला गेला.

पुढे काही महिन्यांनी अण्णांचा निरोप. कल्याणी आलीय, चिकणीवाल्या सगळ्याजणींनी खळ्यात यायचं. गेलो. या वेळी आम्हाला पडवीत बसवलं. सरबत दिलं, आणि ते काचेच्या ग्लासात! मला तेव्हाच वाटलं, काहीतरी काम आहे हिचं.

कल्याणी म्हणाली, "सुमीचं ऐकून फार वाईट वाटलं गं." मग कामाच्या गोष्टीवर आली. मशीन आता बऱ्याच ठिकाणी लागणार आहे. वरून त्यांना विचारलंय की हे सगळ्या प्रकारच्या बायकांवर नीट चालतं का. म्हणून आता त्यांना आमच्यासारखे हात हवे होते. रंगलेले, भेगाळलेले. "त्या वेळी तुमचे फोटो आपल्याकडे आले नाहीत ना, म्हणून मशीनला असे हात माहीतच नाहीत. ते रंगालाच रक्त समजतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. डोक्यात एकदम लख्ख झालं. आमचे हात त्याने कधी बघितलेच नव्हते. मास्तरणींचे बघितले, सुनांचे बघितले. आणि ते शिकलेलं आणून आमच्यावरच बसवलं, आणि वर आम्हालाच खोटं पाडलं. मी नळावर कातडी सोलत होते तेव्हा सुमीचं मरण तिकडे लॅपटॉपवर ठरत होतं. हसत हसत. बिस्किटाचा पुडा देऊन.

मी म्हटलं, "आले न्हायत? आम्ही आलेलो, कल्याणीताई. तुम्ही हाकललंत."

"अगं, हाकललं काय... तांत्रिक कारण होतं ते."

"सुमीचा फोटो हाय का तुमच्याकडं?"

तिला वाटलं मला आठवण म्हणून हवाय. तिने लॅपटॉपवर शोधला आणि माझ्याकडे वळवला. सुमीचा हात. डाव्या करंगळीवरचा विळीचा व्रण. मी त्या काचेवर बोट ठेवलं. बाजूला हिरवा ठिपका.

"ही अजून हिरवीच?"

"म्हणजे?"

"ही मेली. हे ह्या मशीनला कुणी सांगितलं का?"

तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. मग म्हणाली, "तसं आपोआप कळत नाही त्याला. आणि ती नोंद आता बंद झालीय."

"मग तुम्ही सांगा. लाल करा. तुमच्या मशीनला कळू दे का हिरवा म्हणालं ते चुकीचं व्हतं, बाई मेली. न्हायतर ते अजून समजतंय आपण बरोबर हाय."

"एका केसने काही फरक पडत नाही गं. आणि तिचा रक्ताचा रिपोर्ट आमच्या पद्धतीने घेतलेला नाही, तो नाही धरता येत."

धरता येत नाही! माझी बहीण जळून राख झाली, आणि ती ह्यांच्या पद्धतीत बसत नाही. जिवंत होती तेव्हा हात बसत नव्हते, मेली तर मरण बसत नाही.

कल्याणीने माझा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि स्वतःहून. फोटोच्या कपड्यावर ठेवायला. मी ओढून घेतला.

"न्हाय देणार," मी म्हटलं. "सुमीचं दुरुस्त होईस्तोवर माझा हात मिळणार न्हाय."

अण्णा आतून ओरडत आले. "तुमच्याच भल्यासाठी पोर मरमर करतेय! माज आलाय का?"

मी त्यांच्याकडे बघून बोलले. जन्मात पहिल्यांदा मान वर होती. "व्हय अण्णा. आला. तुमच्या मशीननं माझी बहीण खाल्ली आणि तुम्ही तिला नाटकी म्हणालात. माझ्यासमोर म्हणालात. मी गप बसले. आता न्हाय बसणार."

त्या दिवसापासून मला बागेत काम नाही. आजूबाजूच्या बागांतही नाही, बागायतदारांचं एकमेकांत सगळं ठरलेलं असतं. आता मी हरिहरेश्वरला एका लॉजमध्ये चादरी धुते.

माझ्याबरोबर कोण उठलं म्हणाल, तर कुणी नाही. बाकीच्या बायकांनी हात दिले. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना उद्या टोपावर जायचं होतं. त्या हातांनी मशीन शिकलं का? कुणास ठाऊक. आम्हाला कुणी सांगायला आलं नाही. उपकेंद्रात तोच फोन आहे, तोच बॅनर आहे. तालुक्याला जाऊन आले, अलिबागला जाऊन आले. एका साहेबांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "बाई, मशीनवर केस कशी करणार?" दुसऱ्याने विचारलं, कंपनीचा माणूस तिथे होता का? सिस्टर म्हणते मशीन, कंपनी म्हणते सिस्टर, अण्णा म्हणतात नशीब. सुमीला मारणारं कुणीच नाही.

मला काही आशा वाटत नाही, उगाच खोटं कशाला बोलू? सुमी यायची नाही. कल्याणीला मध्ये बक्षीस मिळालं, पेढे वाटले गावात. आमच्या आयेने घेतला पेढा. घेऊन हातात धरून बसली, खाल्ला नाही, फेकला नाही.

पण मी एक करते. वाडीतली कुठलीही बाई पोटुशी राहिली की मी तिच्याबरोबर उपकेंद्रात जाते. फोटो काढू देते. हिरवा आला की उठत नाही. म्हणते, सुई टोचा. पट्ट्या नाहीत म्हणाल्या तर म्हणते, तालुक्याला पाठवा. गाडी नाही म्हणाल्या तर म्हणते, बसतो आम्ही. परवा शेजारच्या शेवंताच्या सुनेला घेऊन गेले होते. सिस्टरबाई पोलिसाला फोन लावते म्हणाल्या. म्हटलं, लावा. सून रडायला लागली, वैनी चला, लोक बघतायत. मी तिचं मनगट सोडलं नाही. दुपार कलली, दवाखाना रिकामा झाला, सिस्टरबाई पर्स घेऊन उभ्या, आणि आम्ही बाकावर. शेवटी धुसफुसत तालुक्याची चिठ्ठी दिली.

तिथे रक्त काढलं. कमी निघालं. सुमीइतकंच कमी.

मी ते पुण्याला कळवलं. सुमीचंही पुन्हा कळवलं. उत्तर आलेलं नाही, येणारही नाही बहुतेक. पण आमच्या वाडीतली बाई आता नुसत्या हिरव्यावर घरी येणार नाही. मला उचलून बाहेर टाकलं तर पायरीवर बसेन. पायरीवरून उठवलं तर रस्त्यावर. सुई टोचल्याशिवाय मी उठणार नाही.